इतिहास संपेपर्यंत तरंगायचं

...नाही, पण मी म्हणतो, अडुसष्टाव्या वर्षी माणसाला चड्डीवर पाण्यात उतरवायचं, ही कुठली समाजसेवा? मी आधीच सांगितलं होतं, मी बुडणारा माणूस आहे. पण ऐकतंय कोण? बायकोची सोरोरिटी! म्हणजे तुम्हाला सांगतो, कॉलेजात शपथ घेऊन एकमेकींच्या बहिणी झालेल्या आपल्या काळ्या बायकांचा संघ. कॉलेज सुटतं, हा सुटत नाही. मतदार नोंदवा, रक्तदाब तपासा, आणि आता काय, तर गावच्या पोरांना पोहायला शिकवा! आमची नात झूरी, सहा वर्षांची, तिला शिकायचंय. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. तर बायको, व्हर्नेल, म्हणते कशी, "संघाचा नियमच आहे, घरातलं मोठं माणूस आधी पाण्यात. तू उतरला नाहीस तर पोर बसेल काठावर रडत."

उतरलो! शिकवायला कोण, तर ओझेलाबाई... वय ब्याऐंशी, तिसरीत मला शिकवायला होत्या, आवाज अजून तोच. "उताणा पड, पोरा. डोकं माझ्या हातावर. मी संघाचा इतिहास सांगते, तो संपेपर्यंत हलायचं नाही." म्हटलं, बाई, मी बुडणारा माणूस आहे हो! "पाढे म्हणतानाही हेच सांगायचास."

झालं सुरू... मूठभर मुली, गुलामांच्या नाती, शपथ घेतात की शिकलेलं एकटीपुरतं ठेवायचं नाही... मग खेड्यापाड्यांत शाळा, फिरती पुस्तकं, दवाखाने... आणि आलं एकोणीसशे बासष्ट साल. कोर्टाने सांगितलं, काळ्यांनाही पोहण्याच्या तलावात घ्या. तर आमच्या या अलाबामातल्या गावच्या गोऱ्यांनी, आमच्याबरोबर पोहायला नको म्हणून, अख्खा तलाव मातीने बुजवला. त्याच उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ ओथा ओढ्यावर पोहायला गेला. नऊ वर्षांचा. परत आलाच नाही. मी बुडणारा माणूस आहे, हे मी तेव्हापासून म्हणतोय.

बाई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "ओथा गेला, म्हणून पुढच्या वर्षी संघाच्या बहिणींनी बस केली, साठ मैलांवरच्या तलावावर पोरं नेली." मी रडत होतो, तुम्हाला सांगतो, उताणा पडून, कानात पाणी, डोळ्यांत पाणी...

"चौऱ्याहत्तर साल," बाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात वर करून मला दाखवले. रिकामे! म्हटलं, बाई, हात कधी काढलात? "सेहेचाळीसला."

अठ्ठावीस वर्षं मी आपला आपण तरंगत होतो! छातीवरचा धोंडाच उतरला हो. तिकडे व्हर्नेलने झूरीला पाण्यात घेतलंसुद्धा, आणि मी तिला अडवलं नाही. बाईंना म्हटलं, सुटलो एकदाचा.

"सुटतोस कुठला? अजून पन्नास वर्षांचा इतिहास बाकी आहे. आणि तो पालथं पडून ऐकायचा असतो."