बाबा निरोगी निघाले

ताई : हसू नकोस.

धाकटा : मी हसत नाहीये. माझा चेहराच असा आहे.

ताई : मग परत सांग. आणि हळू, पडद्यापलीकडे बाबा झोपलेत.

धाकटा : बाबांचा डीएनए रिपोर्ट आला. बाबा निरोगी आहेत.

ताई : कोण बाबा?

धाकटा : आपले.

ताई : अरे, आपले बाबा आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घेतात! दोन्ही किडन्यांत फुगे, दोन्ही बंद. अर्ध्या तासात माझी एक काढून त्यांना बसवणार आहेत. मी हा पाठीमागे उघडा झगा घालून बसलेय, रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही, आणि तू धापा टाकत येऊन सांगतोस की…

धाकटा : मी नाही, आमची लॅब सांगतेय. 'दोष आढळला नाही.' खाली आमच्या लॅबच्या मॅडमची सही आहे. झोकदार आहे.

ताई : नळ्या बदलल्या असतील तुम्ही!

धाकटा : मलाही तेच वाटलं. मोठ्या आशेनं तपासलं. नळी बाबांचीच आहे.

ताई : पण बाबांची तपासणी सांगितली कुणी?

धाकटा : कुणीच नाही. त्यांना काय झालंय ते सगळ्या जगाला माहीत, म्हणून कुणी मागितलीच नाही. गेल्या खेपेला मशीनमध्ये एक जागा रिकामी होती, म्हटलं बसवू बाबांना. निकाल आज सकाळी उघडला.

ताई : म्हणजे तुमचं मशीन बिघडलंय.

धाकटा : मशीन ठणठणीत आहे. बाबांसारखं.

ताई : एक थोबाडीत देईन हं! नीट सांग. क्लच-ब्रेक शिकवणाऱ्या बाईला कळेल असं.

धाकटा : आपण डीएनएचे बारीक तुकडे करतो. मशीन एकेक तुकडा वाचतं, मग कॉम्प्युटर नकाशावर त्याची जागा शोधतो. जो तुकडा धूसर वाचला गेला, तो बाहेर. जो दोन ठिकाणी सारखाच बसतो, तोही बाहेर. चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा नसलेला बरा.

ताई : बरोबरच आहे की.

धाकटा : अगदी बरोबर आहे. फक्त बाबांच्या आजाराचं जे जनुक आहे ना, त्याच्या आसपास त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सहा निकामी नकला आहेत. सगळ्या माणसांत असतात. तुकडा हातात घेतला की खऱ्याचा की नकलेचा, सांगताच येत नाही.

ताई : मग?

धाकटा : आपल्या घरात सगळ्यांचे मोजे काळे. समज, आईनं नियम केला, मालक नक्की कळत नाही तो मोजा फेकून द्यायचा. मग कपाट उघडलं, फाटके मोजे शोधले आणि लिहून टाकलं, फाटका मोजा आढळला नाही.

ताई : कारण…

धाकटा : कारण कपाटात मोजेच नाहीत.

ताई : एकही नाही?

धाकटा : खालच्या कोपऱ्यात थोडे आहेत. बाकी सगळं कोरं. आणि 'तपासलं, दोष नाही' आणि 'तपासायला काही उरलंच नाही', या दोन्हीला आमचा कॉम्प्युटर एकच वाक्य छापतो.

ताई : हे बाबांचं झालं.

धाकटा : हो.

ताई : माझं?

धाकटा : तुझं कपाटही फार स्वच्छ आहे, ताई.

ताई : तू मला फोनवर किंचाळून सांगितलं होतंस, 'ताई, स्वच्छ!' मी एका आजोबांना यू-टर्न शिकवत होते. मी इतक्या जोरात ओरडले की त्यांनी गाडी दुभाजकावर चढवली!

धाकटा : त्यांची माफी मागायला हवी.

ताई : पण माझी सोनोग्राफी चांगली आली होती!

धाकटा : तुझ्या वयाला फुगे दिसतीलच असं नाही. नंतर येतात. म्हणून तर डीएनएवर विसंबलो. आता परत तेच, बाबांचा आजार तुझ्यात उतरला असण्याची निम्मी शक्यता, नसण्याची निम्मी. आणि उतरला असला, तर तुझ्याकडे उरलेली एकच किडनी फुग्यांची.

ताई : दुसरी काही तपासणी?

धाकटा : आहे. लांबलचक तुकडे वाचायचे, म्हणजे नकला वेगळ्या ओळखू येतात. बाहेर पाठवावी लागते. काही आठवडे जातील.

ताई : डॉक्टर काय म्हणाले माहितेय ना? बाबांचं हृदय दमलंय, आता टाळू नका. ऐक. तू इथे आलाच नाहीस.

धाकटा : आलोय की. लिफ्ट बंद होती, पाच मजले चढून आलोय.

ताई : आला नाहीस! रिपोर्ट तू उद्या उघडलास. आज मला आत जाऊ दे, मग कर काय बोंब मारायची ती.

धाकटा : मॅडमना फोन केलाय मी. त्या सर्जनना शोधताहेत. सापडत नाहीयेत.

ताई : मग सापडू नयेत! तू डॉक्टरांपुढे तोंड उघडलंस तर बघ. मोठी आहे मी तुझ्यापेक्षा.

धाकटा : म्हणूनच तुला आधी सांगायला आलो. तुझ्या ओरडण्याची मला सवय आहे.

ताई : निम्मी शक्यता चांगलीच आहे ना? मग मी घेते ती. माझी किडनी आहे, माझी… कसला आवाज येतोय?

(पडद्यामागून काहीतरी कुरकुर चावल्याचा आवाज.)

धाकटा : बाबा?

बाबा : हं.

ताई : बाबा, काय खाताय तुम्ही!

बाबा : बिस्किट. कालच्या पाहुण्यांनी ठेवलं होतं.

ताई : ऑपरेशनला पोट रिकामं लागतं, बाबा! आता घेणार नाहीत ते तुम्हाला!

बाबा : असं होय.

ताई : किती खाल्लीत?

बाबा : मोजे आले तेव्हा पुडा फोडला. आता संपत आलाय.

धाकटा : नर्सला काय सांगू?

बाबा : सांग, पेशंटला फार भूक लागली. निरोगी माणसाला लागते.

ताई : बाबा, मी मनापासून तयार होते हो.

बाबा : माहितेय गं. पाय वर घे, फरशी गार आहे. ती दुसरी तपासणी होऊ दे. तोवर माझं मशीन आहेच.

ताई : आणि नाही जमलं तोवर थांबायला?

बाबा : घे, बिस्किट खा. आता तूही उपाशी राहायचं कारण नाही… आणि काय रे, तुझा रक्तगट जुळला नाही, तरी हौसेनं तूही नमुना दिला होतास ना, हिच्याबरोबर? त्याचं काय आलं?

धाकटा : माझाही स्वच्छ आलाय, बाबा.