मागं म्हणणारं कुणी पायजे

आमी मूळचे इथलेच, चाकणच्या अलीकडचे. आता जिथं कंपनीचं मागचं गेट हाय ना, तिथं आमची कांद्याची वखार व्हती. रान गेलं आन त्याच कंपनीत मला वॉचमनची नोकरी लागली, म्हंजे काय सांगू तुम्हाला, आपल्याच बांधावर उभं ऱ्हाऊन येणाऱ्याला कार्ड इचारायचं. पर माझी तक्रार न्हवती. दिवसा गेट आन सोमवारी देवळात भजन. मी पुढं म्हणायचो आन माझा लहानपणापासनचा दोस्त बबन मागं. भजनात पुढचा एक ओळ टाकतो, टाळकरी ती मागनं उचलत्यात, तवा पुढच्याला दम घ्यायला मिळतो. लोक म्हणायचे तात्याचा गळा, तात्याचा गळा. गळा कसला, मागं बबन व्हता म्हणून.

बबनचं थोरलं पोरगं नितीन, आमच्याच कंपनीत प्रेस मशीनवर, कंत्राटी. कंत्राट गावातल्याच माणसाचं, त्याला समदी भाऊ म्हणत्यात, गावातली निम्मी पोरं त्याच्याच हाताखाली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीआधी नितीनला चादरीत गुंडाळून भाऊच्या गाडीतनं बाहेर न्हेला. गेट मी उघडलं. चादर रगतानं पार भिजलेली, तोंड तेवढं उघडं. आन संध्याकाळी गावात आलं की पोरगं मोटरसायकलवरनं पडून गेलं. त्याची मोटरसायकल तर माझ्या डोळ्यासमोर पार्किंगमधी उभी. दुसऱ्या दिवशी ती बी न्हवती तिथं.

मी बबनला सांगितलं. त्यो म्हणला, ठावं हाय मला, भाऊनं धाकल्याला कायम करायचा शब्द दिलाय, तू गप ऱ्हा. मी गप ऱ्हायलो. सा म्हयनं गप ऱ्हायलो, खोटं कशाला बोलू.

मग भाऊ निवडणुकीला उभा ऱ्हायला, आन प्रचाराचा नारळ फोडायला आमचं भजनी मंडळ बोलावलं. देवळापुढं मांडव, समदा गाव गोळा. भाऊ माईकवर म्हणला, माझ्या कामगाराच्या केसाला मी धक्का लागू दिला न्हाई. आन मला म्हणला, हां तात्या, होऊ द्या आता. माझं डोकंच फिरलं. मी तापट माणूस, माझी बायको हिरा म्हणायची राग कायम तुमच्या नाकावर. मी माईक घेतला आन म्हणलो, बबनचा नितीन रस्त्यावर न्हाई मेला, मशीनमधी मेला, गेट मी उघडलं व्हतं, आता कुणाला मत द्यायचं ते द्या. आन अभंगाची पहिली ओळ टाकली. मागनं कुणी उचललीच न्हाई. बबन टाळ मांडीवर ठिवून खाली बघत बसला.

कुणी वरडलं न्हाई, कुणी मारलं न्हाई. मांडवातला एक जण एवढंच म्हणला, तात्या, भजन म्हणा, राजकारण नका करू. राजकारण. नारळ फोडायला भजन लावलं ते राजकारण न्हवतं, राव. कुणीतरी मोबाईलवर काढलं, ते पार काळेवाडी-तळेगावपतोर फिरलं. लांबचे लोक फोन करायचे, तात्या, वाघ हाय तुमी. गावातले कोपऱ्यात गाठून म्हणायचे, बरोबर बोललात, पर माझं नाव कुठं घेऊ नगा. भाऊ निवडून आला. माझी नोकरी गेली, तिचं काय न्हाई, ती जायचीच व्हती. पर बबनच्या धाकल्यालाबी दुसऱ्या दिवसापासनं कामावर घेतला न्हाई. ते माझ्यामुळं. बबनची बायको दारात उभी ऱ्हाऊन म्हणली, एक पोरगं मशीननं खाल्लं, दुसऱ्याचा घास तुमच्या तोंडानं. मंडळाचे सोमवार चालूच ऱ्हायले, मला सोडून.

गेल्या माघात हिरा गेली, सकाळी चहा गाळता गाळता. लेक सांगलीकडनं यायची म्हणून दुपारपतोर थांबायचं व्हतं. आमच्यात मयत दारात असंल तर भजन लागतं, मंडळ बोलवावं लागत न्हाई, आपसुक येतं. किती दारात मी म्हणलं असंल. त्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले, माणसं येऊन लांब उभी ऱ्हायली, टाळ कुणाच्याच हातात न्हाई. हिरानं चाळीस वर्सं त्या मंडळाला चहा पाजला, तिचा काय गुन्हा. मला वाटलं, गप बसलो आसतो तर. व्हय, वाटलं, लपवत न्हाई.

मग बबन आला. एकटाच, टाळ घिऊन. माझ्याकडं बघितलं न्हाई. हिराच्या पायाशी बसला आन ओळ टाकली. त्यानं जल्मात कधी पुढं म्हणलं न्हवतं, आवाज फाटला. मागनं उचलायला कुणी न्हाई. त्यानं तीच ओळ परत टाकली, तिसऱ्यांदा टाकली. सुतकात घरच्यानं भजन म्हणायचं न्हाई आमच्यात, म्हाताऱ्या बाया बघत व्हत्या. मी उठलो, त्याच्या मागं जाऊन बसलो आन ओळ उचलली. लेक येईपतोर आमी दोघंच.

अजून आमी बोलत न्हाई. त्याचं पोरगं मिळंल ते काम करतंय. सोमवारी बबन माझ्या ओट्यावर येतो, त्यो पुढं म्हणतो, मी मागं. मी बरोबर केलं का चूक, त्यो सांगत न्हाई आन मी इचारत न्हाई. परवा खोकल्यानं मधीच थांबला, मी वाट बघत बसलो, पुढची ओळ न्हाई टाकली. ती आता त्याची हाय.

घ्या, चहा गार झाला तुमचा. तुमच्या घरचं कुणी शिफ्टला जात असंल तर आपल्या पायानं घरी येवो, दुसरं काय मागू.