पायात ठोकळे असलेलं अक्षर

सिंधीपुऱ्यातल्या छापखान्यात अरविंद मास्तर प्रश्नपत्रिकांसाठी ताटकळले होते. खिळे जुळवणारा लीलाधर जसोंडीच्या सोजरबाईशी बोलत होता आणि मास्तरांचे कान तिकडेच लागले होते.

"भाऊ, तेच जाड अक्षर लाव. पायात ठोकळे असलेलं."

"मावशी, ते लाकडी अक्षर सर्कशीचं, लिलावाचं. रस्त्यापलीकडून दिसायला पाहिजे म्हणून. आनंदाच्या बातमीला नाजूक अक्षर शोभतं."

"हैदराबाद सामील व्हायच्या धामधुमीत आमचे हे हरवले, तेव्हा त्यांच्या शोधाच्या कागदाला तूच हे अक्षर लावलं होतंस."

"तेव्हा लोकांनी वाचायला हवं होतं. आता काका घरी आले. लोक त्यांनाच बघतील की! छापायचं कशाला?"

"ते कागद भिंतींवर होते ना."

"फाडून टाका."

"सगळे फाडले. पण मला वाचता येत नाही, भाऊ. सर्कस असो का लिलाव, ते अक्षर दिसलं की मला वाटतं, हे पुन्हा हरवले."

लीलाधरनं लाकडी खिळ्यांचा खण ओढला.

"काय छापू?"

"नाव तुला ठाऊक आहे, माझ्या तोंडून वदवू नको. पुढे 'घरी आले' लाव. बस."

"किती प्रती?"

"एकच. चुलीसमोर लावते."