रांगेतल्या शेवटच्या दोघी

मी, विजयश्री रविराज गावडे, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (चाकण येथील कंपनीत तपासणी विभाग), रा. चिंचवड गावठाण. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

"तुमच्या गावात बगायला काय हाय गं? नुसत्या भिंतीच," असे माझी मैत्रीण यशोदा बिराजदार मला १९९७ साली म्हणाली होती. ती उदगीरची. भोसरीच्या एका कंपनीत आम्ही सहा वर्षे एकाच लाइनवर शेजारी उभ्या होतो. २००३ साली कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर ती गावी परतली. त्या सहा वर्षांचा एकही कागद तिच्याकडे नाही.

रविवार दि. १६/०२/२०२५ रोजी ती मुलीला हिंजवडीच्या नोकरीवर सोडायला आली असता मी तिला स्कूटरवरून शहरातली भिंतीवरची चित्रे दाखवायला नेले. आधी थेरगावातले पक्षी, मग चिंचवडचे रंगवलेले खांब. प्रत्येक चित्राला ती हात लावून बघत होती. मी म्हणाले, "आता बोल." ती म्हणाली, "गप गं. बगू दे."

सुमारे साडेअकरा वाजता आम्ही पुलाखालच्या मोठ्या भिंतीपाशी आलो. तिच्यावर कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या कामगारांची रांग रंगवलेली आहे. यशोदाने माणसे मोजली. एकोणीस, सगळे पुरुष.

"विजे, आपुन कुठं हाव गं?"

मी पुन्हा मोजून पाहिले. एकोणीसच.

माझ्या पर्समध्ये कामाचा पिवळा मार्कर असतो. बोल्ट तपासून झाला की आम्ही त्यावर रेघ मारतो. यशोदाने तो मागून घेतला आणि रांगेच्या शेवटी दोन बायका काढल्या. वीतभर उंच, हातात डबे. एकीची वेणी कमरेपर्यंत आहे, ती मी. आता तेवढे केस नाहीत.

तेवढ्यात तिथले वॉचमन दौलतराव आले. "ओ ताई, काय चाललंय?"

यशोदा म्हणाली, "हजेरी लावतेय, भाऊ. बावीस वर्षं लेट हाय, तेवढं सांभाळून घ्या."

ते हसले, पण कळवावे लागेल म्हणाले. त्यांचे काही चुकले नाही.

दोघींच्या पायाशी असलेली आडवी रेघ मात्र मी मारली. सवयीने. तो रंग पुसून निघत नाही, हे मला माहीत होते. यशोदा सोमवारच्या गाडीने गेली. जे काही असेल ते माझ्या नावावर लिहावे.

एवढे मला वाचून दाखवले, मी सांगितले तसेच उतरले आहे. त्यानंतर मी आणखी एक ओळ घालायला सांगितली. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मॅडम म्हणाल्या, "ताई, असलं जबाबात बसत नाही."

तरी विनंती की, भिंत पुन्हा रंगवताना त्या दोघींना सोडून कडेकडेने रंगवावी.