घरात आधी कोण पीत होतं?

मुरबाडच्या दवाखान्यात रेश्मा नंबराची वाट बघत बसली होती. शेजारी दोन बहिणी येऊन टेकल्या, थोरली सुंदरा आणि धाकटी काशी.

“डॉक्टरनी काय इचारलं गो, ताय?”

“हर्षितच्या आधी घरात कोन दारू पीत होता काय, म्हून. रक्तातनं पन येतं, बोलले.”

“मग तू?”

“नाय बोलले. आमच्या घरात कोन थेंब पन घेत नाय.”

“तुमच्या नाय गो. पन माझा नवरा दारूनंच गेला ना.”

“हळू बोल, काशी. पोरगा आतच हाय.”

“सा म्हैन्यांचा तुझ्या पदरात टाकला. बापाला त्यानं बगितला पन नाय. तरी तसाच पितो, तसाच भिंत धरून चालतो. डॉक्टरला खरं सांग.”

“खरं सांगितल्यावर मला आय बोलंल तो?”

“नाय बोलला तर नाय, जगंल तरी.”

आतून नर्सने हाक मारली, “हर्षितची आई कोण?”

“ऊठ, काशी,” सुंदरा म्हणाली. “तूच जा.”

रेश्माने पाय जवळ घेऊन काशीला वाट करून दिली.