वळणावर कोणी उभं नसलं तर

— एकटीला एवढा मोठा तंबू कशाला, असंच ना? विचारलं नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतंय. कपडे वाळवायला! हो, ओले कपडे आत टांगायला बरा पडतो. सायकल टेकवा त्या झाडाला, कुणी नेत नाही इथे, आणि बसा त्या खुर्चीवर. मी बसते पेटीवर, मला सवय आहे, बसवतच नाहीये म्हणा आज मला कुठे. कॉफी घ्याल ना? घ्याच. तासभर एकटी बसलेय, गोगलगाईशी बोलत होते, ती पण निघून गेली. हं, हा डबा. बिस्किट एकच घ्यायचं हं. आमच्या फ्रीसलंडात, हॉलंडच्या उत्तरेला, एका कॉफीला एक बिस्किट आणि झाकण बंद, माझी आई तर झाकणावर हात ठेवून बसायची. तुम्ही बेल्जियमचे, तुमच्याकडे म्हणे परातभर ठेवतात. असो. ते बटाटे आहेत, पोत्यात, घरून आणलेत. हसा, हसा, सगळी दुनिया हसते आम्हाला, डच माणूस फ्रान्सला येतो आणि बटाटे घरून आणतो. पण चव बघाल तर पुन्हा हसणार नाही. ही काळी गोळी घ्या, खारट आहे, ज्येष्ठमधाची — नको? तोंड का असं केलंत? आज एक खाल्ली? छे, इकडे या डोंगरात कोण देणार तुम्हाला ही, दुसरीच काहीतरी असेल. मी फेन्ना. सदुसष्ट पूर्ण. ती हिरवी मोटरसायकल माझी.

हळू चालवते मी. पन्नास. उतारावर पंचावन्न, तेही गाडीच्या मर्जीने. आज सकाळी एका ट्रॅक्टरवाल्याने मला मागे टाकलं आणि वर हात केला, बरं का, लाज आणायला. पण मोठा रस्ता आम्ही घेतच नाही. नकाशावर पिवळा रस्ता दिसला तरी वीबे म्हणतो, फेन्ना, त्याहून बारीक, पांढरा शोध. वीबे म्हणजे — सांगते. आमच्या गावच्या कालव्यावरचा पूल तो उघडायचा आणि मिटायचा, एकतीस वर्षं. होडी आली की पूल वर, गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून होडीवाल्यापुढे सोडायचा, त्याने त्यात नाणं टाकायचं, की पूल खाली. मी टपाल वाटायचे सायकलवर, पूल वर असला की मला थांबावंच लागायचं, आणि माझी वेळ झाली की पूल हटकून वर! एकतीस वर्षं मला वाटायचं, काय नशीब बाई माझं. आता वाटतं, नशीब कसलं, याचेच उद्योग. माझा नवरा डौवे गेला त्याला बारा वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी मी त्याची मोटार विकली आणि ही घेतली, मुलगी म्हणाली आईला म्हातारचळ लागला. आणि वीबे पुलावरून ओरडला, मी जूनमध्ये दक्षिणेला जातोय, येतेस का, पण पन्नासच्या वर जाणार नाही. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ उन्हाळे, दोन मोटरसायकली, दोन तंबू — मधे तीन मीटर. मोजून हं. पहिल्या वर्षी त्याने पावलांनी मोजलं होतं.

काय, हात वर केलात? अजून बिस्किट? एकच म्हटलं ना! बरं घ्या, तुम्ही पाहुणे. तर नियम. दोन माणसं हळू जातात तेव्हा एक नियम लागतो, नाहीतर चुकामूक ठरलेली. नियम असा — पुढच्याने प्रत्येक वळणावर थांबायचं, मागच्याचा दिवा दिसेपर्यंत. दिसला की वळायचं. आणि मागच्याने काय करायचं? वळणावर कोणी उभं असलं तर वळायचं, कोणी उभं नसलं तर सरळ जायचं. सरळ म्हणजे सरळ. डोकं चालवायचं नाही. आणि मुक्कामाची जागा पुढच्याने ठरवायची, मागच्याला आधी सांगायची नाही, तीच तर मजा. एकदा जागी पोचलं की तिथून हलायचं नाही हाही नियमच, कारण पाचव्या वर्षी यूराच्या डोंगरात आम्ही दोघंही एकमेकांना शोधायला निघालो आणि सबंध दुपार एकाच टेकडीला उलटसुलट प्रदक्षिणा घातल्या. मेंढपाळ बसला होता एक, तो हसून हसून आडवा. तेव्हापासून वीबेने नियम कागदावर लिहून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलाय. पुलावरचा माणूस ना तो. लाल दिवा म्हणजे लाल. त्याने आयुष्यात एक नियम मोडला असेल तर मला दाखवा, माझी मोटरसायकल तुमची.

आज पुढे मी होते. दुपारी वाटेत एका गावातल्या कारंज्यापाशी थांबलो, पाव, चीज, त्याचा तो चाकू — सफरचंद असं कापतो की जणू शस्त्रक्रिया चाललीये. मी माझं आवरलं, कानात बोळे घातले, वाऱ्याचा आवाज फार होतो ना हेल्मेटात, मेणाचे असतात ते. हेल्मेट हातात. आणि हा पाठमोरा, पट्टा आवळतोय, माझ्याकडे न बघता म्हणतो — फेन्ना, पुढच्या वर्षी एकच तंबू आणायचा का? — एवढंच! हवामानाबद्दल बोलावं तसं! आणि कान बघायला हवे होते त्याचे, मागून दिसत होते, लालबुंद, टोमॅटो. नऊ वर्षं काढली माणसाने आणि विचारलं कधी, तर माझ्या कानात बोळे असताना! आणि मी काय केलं? सांगू? मी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं हो, शब्दन् शब्द ऐकला, मेणाच्या बोळ्याने काय होतंय, पण मी हेल्मेट घातलं, चालू केली आणि निघाले. सदुसष्ट वर्षांची बाई! पोस्टात चौतीस वर्षं नोकरी केलेली! शाळकरी पोरीसारखी पळाले. आणि आत, हेल्मेटात, मोठ्याने हसत होते, काच धुरकटली नुसती, पुढचं दिसेना. गाणंसुद्धा म्हटलं, शब्द येत नव्हते तरी म्हटलं. साठने गेले मी! साठ! माझी गाडी पण चक्रावली असेल.

आणि तो फाटा आला. पाहिलात ना, येताना, सहा किलोमीटर मागे, दगडी क्रूस आहे, उजवीकडे या तंबूंच्या मैदानाची पाटी, सरळ रोदेझ. मी वळले. थांबले नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा — विसरलेच! म्हणजे काय झालं, मी गाण्यात होते. इथे आले, मादामला, इथल्या मालकीणबाईंना, म्हटलं दोघांची जागा द्या, त्या झाडाखालची, संध्याकाळची सावली येते. मग तंबू. तंबूच्या नादात तास गेला कसा कळलंच नाही, नवीन तंबू, खुंट्या कुठे, दांडे कुठे, हसतेय आणि बांधतेय, बांधतेय आणि हसतेय, आणि शेवटची खुंटी ठोकताना हातोडी अशी हवेतच राहिली. फेन्ना, तू वळणावर उभी नव्हतीस.

आता तुम्हीच सांगा. वळणावर कोणी उभं नाही. वीबे काय करणार? सरळ. रोदेझ. रोदेझला कोणी उभं नाही — सरळ. तुलूझ. उद्या स्पेन! पन्नासच्या वेगाने, पाठीमागे लाकडी बूट लटकतोय, त्यात खुंट्या ठेवतो ना तो तंबूच्या, खडखड खडखड. हसू नका हो. मी हसतेय ते वेगळं. मला रडू येतं तेव्हाही हसूच येतं, डौवेच्या अंत्यविधीला मला बाहेर नेऊन बसवावं लागलं होतं. फोन? केला ना, चार वेळा. त्याचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मोज्यात, मोजा पेटीत तळाला, रविवारी बहिणीला करायचा असला की निघतो. आज बुधवार. आणि मागे जाऊन बघावं तर जागेवरून हलायचं नाही हा नियम, तो आला आणि मी नसले तर? — खरं सांगू, नियमाचं काही नाही. मला भीती वाटते. तिथे गेले आणि फाटा रिकामा दिसला तर कळेल ना, की गेला सरळ. इथे बसलं की अजून येऊ शकतो. कारण त्याला काय वाटलं असेल? विचारा ना तुम्हीच. माणूस नऊ वर्षांनी तोंड उघडतो, बाई हेल्मेट घालते, साठने पळते, आणि वळणावर थांबतसुद्धा नाही. याहून स्पष्ट ‘नाही’ कोणी कसं म्हणणार?

आणि मला तर हो म्हणायचं होतं! हो, हो, तीनदा हो. अहो, तो तंबू कपडे वाळवायला नाहीये. खोटं बोलले मी. तीन माणसांचा आहे, मागच्या नाही, त्याच्या मागच्या हिवाळ्यात घेतला, सवलतीत. दोन उन्हाळे पेटीच्या तळाशी घेऊन फिरतेय, चार किलो, वर बटाटे ठेवते, त्याला दिसू नये म्हणून. तुम्हाला काय वाटलं, बटाटे खायला आणते? म्हणजे खातोही. पण दर मुक्कामी मनाशी म्हणायचे, आज काढते, आज काढते, आणि मग तो मोजायला लागायचा, एक, दोन, तीन मीटर, की घोडं तिथेच पेंड खायचं. मी घोरते, हेही एक आहे. भयंकर घोरते. मुलगी म्हणते कुत्रा खोलीबाहेर जातो. ते त्याला तीन मीटरवरून ऐकू जात असेलच म्हणा — मग ऐकूनसुद्धा विचारलं? नऊ वर्षं ऐकून? अगं बाई. हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

पुन्हा हात? आता डबा घ्याच मांडीवर, खा काय खायचं ते. आणि बघा माझा मूर्खपणा — मादामच्या दारावर कागद असतो, उद्याच्या पावांचा, संध्याकाळीच नाव नि आकडा लिहायचा, सकाळी नऊला गाडी येते. मी तंबूच्या आधी जाऊन लिहून आले. फेन्ना, दोन लांब पाव, चार क्रोसाँ. त्याला दोन लागतात, दुसरं कॉफीत बुडवून. मादाम म्हणाली, मस्य कुठे आहेत, तुमचे यजमान? मी म्हटलं, येतायत, मागेच आहेत. मागेच! मघाशी पेन्सिल घेऊन गेले होते खोडायला. नाही खोडलं. चार क्रोसाँ मी एकटी खाईन, पण खोडणार नाही —

काय? नाही, बोला ना, तुम्हाला कोणी अडवलंय? काय क्रूसापाशी? कोण बसलाय? म्हातारा — म्हातारा काय म्हणताय, एकाहत्तरचा आहे तो! निळी मोटरसायकल? मागे काय लटकत होतं? नीट आठवा. लाकडी — अहो! अहो देवा! आणि गोळी? ती काळी गोळी त्यानेच — तरीच तुमचं तोंड तसं! किती वाजता पाहिलंत? साडेचार? आता पावणेसहा! तुम्ही इथे पाऊण तास माझी बिस्किटं खाताय आणि — मी बोलू दिलं नाही? मग ओरडायचं ना! मधे ओरडायचं! तुम्ही बेल्जियमची माणसं फारच सभ्य बाई!

थांबा, थांबा. खुर्ची टाकून बसला होता? ऐन फाट्यावर? वळला नाही. सरळही गेला नाही. पण नियमात असं काही नाहीच! कोणी उभं नसलं तर सरळ, टाकीवर लिहिलंय, त्याच्याच अक्षरात. वळणावर जो थांबतो तो पुढचा असतो हो, मागच्याची वाट बघणारा. म्हणजे तीनपासून तो तिथे — मी पुढे गेलेय हे माहीत असून — माझी वाट बघत बसलाय. नियम मोडून. वीबे! नियम मोडून!

ते हेल्मेट द्या. ते नव्हे, ते पातेलं आहे. किल्ली? किल्ली गाडीलाच आहे. बोळे? नकोत बोळे, आज कानात काही नको, राहू देत तिथेच. तुम्ही असं करा, बटाटे सोलून स्टोव्हवर ठेवा, तिघांचे, मीठ त्या पिशवीत. मादाम आली तर सांगा, मस्य फाट्यापर्यंत आलेत. आणि तुमचा तंबू इथे नका लावू — ती सायकल उचला, ते पलीकडचं झाड दिसतंय ना, त्याच्याही पलीकडे. मी घोरते, सांगितलं ना. चला, व्हा बाजूला!