फोटोतला ताईत

(कळमनुरीतला दवाखाना, १९३९. डॉक्टर उत्तमराव, तांड्यावरची रूपाबाई आणि तिची सून धुरपता. धुरपताच्या मांडीवर चार महिन्यांचा सेवा.)

रूपाबाई : …तर फोटो पाळण्यावर टांगला, डाक्टर. पीरसाहेबाचा ताईत असा चांदीवानी चमकून राहिला आत! सारा तांडा पाया पडून गेला.

उत्तमराव : रूपाबाई, तो नांदेडच्या एक्स-रे मशीनचा फोटो आहे, देवाचा नाही. द्या इकडं.

रूपाबाई : तुमीच म्हणलात की दोन महिन्यांमागं. पांढरं दिसतं तो ताईत, बाकी पोट बराबर हाय.

उत्तमराव : म्हटलं होतं. पण आता डाव्या बरगडीखाली हात लावून बघा, दगड लागतोय. ओकारीत रक्त कधीपासून?

धुरपता : आठ दिस झाले. दूध ठरतच न्हाई पोटात.

रूपाबाई : दृष्ट हाय, दुसरं काय! घरी नेते अन् इळा तापवून डाग देते. माझ्या तीन लेकरांना दिला व्हता.

उत्तमराव : त्यातली जगली किती?

रूपाबाई : …एक. ह्याचा बाप, पेमा.

उत्तमराव : मग इळ्याचं नाव काढू नका. बाहेरच्या रांजणातलं पाणी आणा, लेकराचं तोंड पुसायचंय.

रूपाबाई : आणते.

धुरपता : डाक्टर, याडी, सासू माझी, आत आली की बोलता यायचं न्हाई. फोटोच्या वक्ताला लेकराच्या अंगावर ताईत न्हवता.

उत्तमराव : काय म्हणालीस?

धुरपता : मशीनवाला म्हणला, चांदी काढ. मी काढून मुठीत धरला. जावळ काढेस्तोवर उतरायचा न्हाई, अशी याडीची आण व्हती.

उत्तमराव : अगं, मग दोन महिने गप काहून बसलीस?

धुरपता : तुमी म्हणलात, ताईत हाय. मला वाटलं, पीराची करामत. मुठीतला बी दिसला असंल.

उत्तमराव : चूक माझी. एका शब्दानं विचारलं नाही तुला. हे बघ, उजेडाकडं धर. ही हाडाची कपची. हे दातासारखं. लाखात एखाद्या लेकराच्या जठरात असा गोळा धरतो. मी पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता.

धुरपता : माझ्या लेकराच्या पोटात कुणाचं हाड?

उत्तमराव : कुणाचं नाही, बाई. गोळ्यातच वाढतं. उद्याच्या गाडीनं हैदराबादला न्या, कापून काढतील.

धुरपता : वाचंल?

उत्तमराव : दोन महिन्यांमागं ‘हो’ म्हणालो असतो. आता एवढंच सांगतो, उशीर करू नका.

रूपाबाई : मी दारातच हाय, धुरपते. पानी सांडलं माझ्या हातून.

धुरपता : याडी, मला मारा, पण लेकराला गाडीत घालू द्या.

रूपाबाई : कोन मारतंय तुला? पेमाला म्हणावं, बैलं जुंप, आत्ताच टेसनाला निघू. …डाक्टर, म्हंजी त्यो ताईत न्हवताच? दुखनं व्हतं ते?

उत्तमराव : व्हय, रूपाबाई.

रूपाबाई : रोज सांजेला मी त्यालाच ऊद दावला. वाढणारच की मग ते.